एकशे ब्याण्णव बाटल्या

हातकणंगल्याच्या रस्त्याला काचेचं मार्ट उघडलं आणि दोन महिन्यांत बिरदेव स्टोअर्सच्या पायरीवरची गर्दी निम्मी झाली. गावातली माणसं दुचाकीवरून जायची, हँडलला दोन्ही अंगांनी पिवळ्या पिशव्या लोंबकळत परत यायची आणि दुकानासमोर आली की गाडी जरा जोरात हाणायची. गणपतराव दारातल्या खुर्चीवर बसून त्या पिशव्या बघत. चाळीस वर्षं त्यांनी हे दुकान चालवलं होतं. कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाच्या घरात भाऊ वेगळे झाले, हे त्यांना मालावरून कळायचं. आता कळेनासं झालं होतं.

"छापलेलं बिल देत्यात म्हणं तिथं," ते सुनेला म्हणाले. "मुंगीएवढ्या अक्षरात."

"आपण पण देऊया की आण्णा," संयोगिता म्हणाली.

संयोगिता कोल्हापुरात वाढलेली, मास्तरांची मुलगी, बी.कॉम. झालेली. लग्नाआधी दोन वर्षं राजारामपुरीतल्या कपड्याच्या एका दुकानात ती कॉम्प्युटरवर बसत होती. नवरा अमरसिंह आधी नको नको म्हणत होता, पण मार्टनं त्याचंही तोंड बंद केलं होतं. पाडव्याला दुकानात कॉम्प्युटर आला, बिल छापायचं यंत्र आलं, लाल उजेड पाडणारा स्कॅनर आला. कंपनीचा माणूस दोन दिवस येऊन शिकवून गेला. पुढचे तीन आठवडे मात्र संयोगितेचे होते. दुकानातली एकूण एक वस्तू तिला त्या यंत्रात भरायची होती: नाव, वजन, दर, किती खोकी येतात, एका खोक्यात किती नग.

त्या कामात तिच्या हाताखाली तानाबाई होती.

तानाबाई बावीस वर्षं ह्या दुकानात होती. सकाळी झाडलोट, मग धान्य निवडणं, पाखडणं, पुड्या बांधणं, आलेली खोकी फोडून माल फळीवर लावणं. तिला अक्षर येत नव्हतं, पण वेष्टनाच्या रंगावरून आणि हातातल्या वजनावरून ती कुठलीही वस्तू अंधारातसुद्धा काढून द्यायची. अमरसिंह चड्डीत होता तेव्हापासून ती त्याला अरेतुरे करायची. सगळं गाव तिला तानाक्का म्हणायचं.

"हे काय विचारतंय गं वैनी?" ती पडद्याकडं बघत म्हणायची.

"खोबरेल तेलाच्या खोक्यात बाटल्या किती?"

"अठ्ठेचाळीस. सहाच्या आठ वळी."

संयोगितेनं अठ्ठेचाळीस भरलं. यंत्रानं ते घेतलं आणि पुढची वस्तू विचारली.

यंत्राचा गुण आला, हे खरं. पहिल्या महिन्यातच कळलं की बिस्किटांच्या चार जाती नुसत्या पडून आहेत, आणि शेंगदाण्याची चटणी दर शुक्रवारी संपते. मुदत संपायला आली की पडद्यावर तांबडी ओळ यायची. बायका घरातूनच फोनवर यादी पाठवायला लागल्या. संयोगिता यादी भरायची, तानाक्का पिशवी भरायची, आणि अमरसिंह गाडीवरून पोच करायचा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं, मार्टकडचा रस्ता चार दिवस बंद पडला, तेव्हा तुटलेली गिऱ्हाईकं परत आली, आणि छापील बिल बघून टिकली. गणपतराव ते बिल डोळ्याजवळ धरून वाचायचे. त्यांच्या दुकानाचं नाव पहिल्यांदाच असं छापून येत होतं.

जुलैत केव्हातरी, पाऊस धो धो पडत असताना, टेम्पोतून तेलाची तीन खोकी आली. तानाक्कानं एक डोक्यावर घेतलं आणि मध्येच थांबली.

"वैनी, खोकं हलकं लागतंय गं."

संयोगिता एंट्री करत होती. मान वर न करता ती हसली. "तुमच्यात ताकद आली असेल आक्का, पावसानं."

तानाक्काही हसली आणि खोकं आत घेऊन गेली.

दिवाळीला पंधरा दिवस होते तेव्हा माल मोजायचं ठरलं. दिवाळीची मोठी खरेदी करायची तर आधी आहे ते पक्कं माहीत हवं, असं संयोगितेचंच म्हणणं. सोमवारी दुकान दुपारनंतर बंद असतं. अर्धं शटर ओढून तिघंही मोजायला बसली. अमरसिंह फळ्यांवर, तानाक्का मागच्या खोलीत, संयोगिता यंत्रातून निघालेला कागद घेऊन. साबणाच्या दोन वड्या कमी, चहाचा एक पुडा जास्त, असले किरकोळ फरक निघत होते. मग तेल आलं.

कागदावर दोनशे एकतीस बाटल्या होत्या. फळीवर आणि मागे मिळून एकोणचाळीस.

अमरसिंहनं परत मोजलं. संयोगितेनं परत मोजलं. मागची पोती हलवली, माळ्यावर चढून बघितलं. एकशे ब्याण्णव बाटल्या नव्हत्या. दोन-चार कमी असत्या तर उंदीर, फूट, हिशोबातली चूक असं काहीही म्हणता आलं असतं. एकशे ब्याण्णव म्हणजे कुणीतरी महिनोन् महिने, रोज एक-दोन करून नेलेल्या.

दारातून गणपतराव म्हणाले, "मशीन चुकलं नसंल न्हवं?"

"बाकी सगळं बरोबर हाय की आण्णा," अमरसिंह म्हणाला. "तेवढ्या तेलाशीच काय वैर हाय काय मशीनचं?"

संयोगितेच्या हातात कागद होता. तिला यंत्रावर बोट ठेवता आलं नाही, कारण यंत्र तिचं होतं.

तानाक्का मागच्या खोलीतून हात पुसत बाहेर आली. नेमक्या त्याच वेळी वरच्या आळीतल्या दोन बायका अर्ध्या शटरखालून वाकून आत डोकावत होत्या. एकीला हळद हवी होती. अमरसिंहनं त्यांच्याकडं बघितलं नाही. तो तानाक्काच्या केसांकडं बघत होता. सोमवारी ती केस धुवायची. त्या दिवशी केस नीट विंचरलेले होते आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना तेल चमकत होतं.

"तेल लावलंयस की आज, आक्का."

"व्हय. का रं?"

"कुठलं?"

तानाक्काला आधी समजलंच नाही. "ह्याच महिन्यात घेतलेलं की, तुज्यातनंच. वैनीनं बिल दिलंय."

"ती एक. बाकीच्या एकशे ब्याण्णव कुठं हाईत?"

तानाक्कानं एकदा संयोगितेकडं बघितलं. संयोगितेला ते बघणं कळलं. त्यात राग नव्हता; आता वैनी काहीतरी बोलेल, अशी साधी वाट बघणं होतं. संयोगिता कागदाकडं बघत राहिली.

"मी म्हणलो हुतो की," तानाक्का म्हणाली. "खोकं हलकं लागतंय म्हणून. वैनी, म्हणलो हुतो न्हवं?"

"हलकं व्हणार न्हाय तर काय," अमरसिंह म्हणाला.

पायरीवरची एक बाई हसली, की नुसतीच खोकली, हे नंतर संयोगितेला कधी ठरवता आलं नाही. तानाक्कानं खुंटीवरची आपली कापडी पिशवी काढली. कुणी मागितली नव्हती. तिनं ती टेबलावर, स्कॅनरशेजारी, उपडी केली. भाकरी बांधायचं फडकं, तंबाखूची डबी, दवाखान्याचा कागद आणि एक केसांची पिन. मग तिनं पदर झटकला. कमरेला खोचलेली चंची काढून ठेवली. पन्नाशी उलटलेली बाई, दोन परक्या बायकांसमोर.

"ऱ्हाऊ दे आक्का," गणपतराव खुर्चीतून म्हणाले. पण ते उठले नाहीत.

"उद्यापास्नं नको यिऊस," अमरसिंह म्हणाला. "बोंबलत न्हाय मी गावभर. पण नको यिऊस."

तिनं वस्तू पिशवीत भरल्या. पिन तेवढी टेबलावरच राहिली. शटरखालून वाकून ती बाहेर गेली, आणि त्या दोन बायका तिला वाट द्यायला जरुरीपेक्षा जास्त बाजूला सरकल्या.

दिवाळी जोरात झाली. मार्ट उघडल्यापासून एवढा माल कधी खपला नव्हता. उटणं, साबण, रवा, बेसन आणि तेल. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी संयोगितेनं इतक्यांदा तेलाच्या बाटलीवर लाल उजेड पाडला की रात्री हाताला तोच वास येत होता. धान्य निवडायला कुणी नव्हतं. दोन बायका येऊन बघून गेल्या, पण टिकल्या नाहीत. सासरे म्हणाले, बाई मिळत न्हाय म्हणून गहू तसाच विकायचा काय? मग संयोगिताच दुपारी मागच्या खोलीत सूप घेऊन बसायला लागली. तिला पाखडता येत नव्हतं. गहू जमिनीवर सांडायचा.

त्या खोलीतून तिला आवाज यायचा. ती बाहेर यंत्रावर असली की आत सुपाचा आवाज, लयीत, तीन झटके आणि एक थोपटणं. ती उठून जायची. आत पोती असायची आणि वरच्या झरोक्यातून आलेल्या उन्हात कोंड्याची धूळ. धूळ हलत असायची, जणू आत्ताच कुणी उठून गेलंय. बावीस वर्षांत बसून बसून भिंतीचा चुना पाठीच्या उंचीवर गुळगुळीत झाला होता. संयोगिता तिथं पाठ टेकून बसत नसे.

गावात अमरसिंह बोंबलला नव्हता, पण त्या दोन बायकांना बोंबलायला कुणी बंदी केली नव्हती. पिठाच्या गिरणीत संयोगितेनं एकदा बघितलं. तानाक्का आपला डबा घेऊन रांगेत उभी होती. पुढच्या बाईनं आपला डबा पायाजवळून उचलून काखेत घेतला. काही न बोलता. तानाक्कानं ते बघितलं आणि आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. पीठ होईपर्यंत ते हात तिनं बाहेर काढले नाहीत. संयोगिता गिरणीच्या दारातूनच परत फिरली.

तानाक्का आता दुसऱ्याच्या रानात उसाच्या मोळ्या बांधायला जात होती. सकाळी दुकानासमोरून जायची. मान खाली, ओठ हलत. संयोगितेला वाटायचं, शिव्या देत जाते. द्याव्यातच तिनं, असंही वाटायचं.

दिवाळीनंतर संयोगितेनं यंत्रातला तेलाचा आकडा मोजलेल्या मालाप्रमाणं सुधारून घेतला होता. नवी तीन खोकी आली. आठ दिवसांनी, कुणी न सांगता, तिनं मोजून बघितलं.

चोवीस बाटल्या कमी होत्या.

तिनं अमरसिंहला हाक मारली. त्यानं मोजलं. फरक तेवढाच निघाला. चोर तर दुकानातून गेली होती. मागच्या खोलीत तिसरं माणूस पाऊल टाकत नव्हतं.

"तिच्याकडं किल्ली आसंल," अमरसिंह म्हणाला.

"किल्ली तिला कधी दिली होती आपण?"

त्यानं कुलूप बदललं. पुढच्या तीन खोक्यांनंतर मोजलं, तर फरक अठ्ठेचाळीसचा झाला होता. मग कॅमेरे बसले, एक फळीवर रोखलेला, एक मागच्या खोलीवर. संयोगिता दिवसा, गिऱ्हाईक नसताना, फोनवर आदल्या रात्रीचं चित्र पुढं ढकलत बघायची. काळंपांढरं दुकान. बाटल्यांच्या रांगा. यंत्राचा एक बारीक दिवा. तासन् तास काही हलायचं नाही. एकदा पोत्यावरून मांजर उतरलं तर तिच्या तोंडून आवाज निघाला. आणि कुणी दिसलं नाही याचीच तिला जास्त भीती वाटायला लागली. गणपतराव आता दुकानात यायला बिचकत होते. "त्या बाईचा तळतळाट बसलाय," ते म्हणाले. "बिरदेवाला भंडारा उधळून या." अमरसिंह खरंच जाऊन आला. कपाळाला भंडारा लावून त्यानं कुलूप उघडलं, आणि त्या आठवड्यातही हिशोब जुळला नाही.

डिसेंबरात परत टेम्पो आला. अमरसिंह पोच करायला गेलेला. संयोगितेनंच खोकी एक एक करून आत ओढली. पहिलं खोकं फोडून ती बाटल्या फळीवर लावायला लागली. तानाक्का लावायची तशीच, सहा-सहाच्या वळी. सहा वळी झाल्या. सातवीत चारच बाटल्या आल्या आणि खोकं मोकळं झालं.

ती खोक्यात हात घालून चाचपडली. कागदाचे पट्टे होते. तिनं खोकं उपडं केलं.

मग दुसरं फोडलं. सहा वळी आणि चार. तिसरं फोडलं. सहा वळी आणि चार.

खोक्याच्या बाजूला, भिजून सुकलेल्या पुठ्ठ्यावर, कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत नग चाळीस असं छापलेलं होतं. संयोगितेनं बिलांची फाइल काढली. जूनच्या शेवटापासून प्रत्येक बिलावर, एका अरुंद रकान्यात, तोच आकडा होता; त्याआधीच्या बिलांवर अठ्ठेचाळीस. संयोगिता यंत्रात खोक्यांची संख्या तेवढी भरायची. नग यंत्र आपोआप भरायचं, पाडव्याला दिलेल्या आकड्यानं. खोक्याचा दर जरा कमी आला होता, तेव्हा तिला वाटलं होतं काही सवलत असेल. एका खोक्यामागं आठ. एका वेळी चोवीस. जूनपासून दिवाळीपर्यंत टेम्पो आठ वेळा आला होता. तिला गुणाकार करायची गरज नव्हती.

एकशे ब्याण्णव बाटल्या कुणी नेल्या नव्हत्या. त्या कधी दुकानात आल्याच नव्हत्या.

ती बराच वेळ त्या फाइलीजवळ जमिनीवर बसली. बाहेर कुणी दोनदा हाक मारून गेलं. आत सुपाचा आवाज येत नव्हता. तो यावा असं तिला वाटलं.

अमरसिंहला तिनं खोकं दाखवलं, बिलं दाखवली. तो पुठ्ठ्यावरच्या आकड्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"आता काय करायचं म्हणतीस?"

"सांगायचं."

"तिला सांगूया. जाऊन हात जोडतो मी. पर गावात नको. कॉम्प्युटरचं बिल म्हणून माणसं येत्यात आपल्याकडं. उद्या जो त्यो म्हणंल, माजं बिल बी चुकीचं हुतं, मलाबी फसवलं."

"तिची पिशवी गावासमोर उपडी झाली, अमर."

"मी सांगिटलं न्हवतं उपडी करायला."

"मी पण सांगितलं नव्हतं," संयोगिता म्हणाली. "मी काहीच सांगितलं नव्हतं. तेच."

त्यानं बिलं परत फाइलीत लावली आणि म्हणाला, "तुज्या मनाला यील तसं कर."

शनिवारी बाजाराचा दिवस, दुकानात दहा-बाराजण उभे होते. संयोगिता उठून उभी राहिली आणि म्हणाली, "जरा ऐका सगळ्यांनी." तिनं रिकामं खोकं टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. खोक्यात चाळीस यायच्या, मी अठ्ठेचाळीस लिहीत होते. चूक माझी. आक्कांनी एक बाटली नेलेली नाही. वरच्या आळीतली, त्या दिवशी पायरीवर असलेली बाई तिथंच होती, हळदीवालीच. तिच्याकडं बघून संयोगितेनं परत एकदा सांगितलं.

माणसं एकमेकांकडं बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "आमाला म्हाईतच हुतं." कुणीतरी विचारलं, साखरेची पण अशीच चूक असंल काय? हळदीवाली बाई पिशवीचे कान जुळवत म्हणाली, "तुमचं मन मोठं वैनी. झाकून घेतलासा बिचारीचं."

"झाकत नाही हो. खरंच चुकलं."

"व्हय व्हय," ती बाई म्हणाली.

त्याच दुपारी संयोगिता एक न फोडलेलं खोकं गाडीच्या पुढ्यात ठेवून ओढ्यापलीकडं गेली. अमरसिंह येतो म्हणाला होता. तिनं त्याला उद्या जा म्हणून सांगितलं.

तानाक्काचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. दारात तिचा नवरा केरबा बसला होता. तो गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालायचा. धुरानं डोळे कायमचे लाल झालेले. त्यानं आधी गाडी बघितली, मग खोकं.

"या," तो म्हणाला. "आनि काय हरवलं?"

संयोगितेनं तिथंच, उभ्यानंच सांगितलं. केरबा ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं हातातली काडी मोडली.

"दोन म्हैनं झालं," तो म्हणाला. "दोन म्हैनं ती घरातलं मोजत बसतीया. भाकरी थापली की मोजतीया. झाकून ठिवली की परत उघडून मोजतीया. कोंबड्या मोजतीया. काल माज्या सदऱ्याची बटनं मोजली. आता तुमी मशीनीत आकडा बदलला, मशीन बरोबर झालं. हिचं मी काय बदलू?"

संयोगितेनं खोकं गाडीवरून उतरवून दाराशी ठेवलं.

"जावा आत," तो म्हणाला. "मला नगा सांगू. तिला सांगा."

तानाक्का चुलीजवळ बसली होती. उसाच्या पाल्यानं हातांवर बारीक लाल रेघा उठल्या होत्या. केस कोरडे, राठ, मागं कसेबसे बांधलेले. वैनी आलेली बघून ती धडपडत उठली आणि पाट सरकवला.

"बस की. च्या ठेवतो."

"आक्का, चहा नको. ऐका आधी."

तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, सावकाश. तानाक्का मान हलवत होती. मध्येच ती म्हणाली, "वैनी, तू चांगली हाईस. पर मशीन कशाला खोटं बोलंल?"

"मशीन खोटं नाही बोललं. मी त्याला चुकीचं सांगितलं."

"तसं न्हाय गं." तानाक्का जवळ सरकली, आवाज खाली आणला. "मला आठवतंय आता. पयल्यांदा आठवत न्हवतं. एकदा कुणाच्या तरी पोरीला दिली मी एक बाटली, बिल न करता. आनि पिशवीत घातल्याली बी आठवत्यात. माजा हात दिसतोय मला, बाटली धरल्याला. सगळ्या न्हाईत आठवत. पर एवढ्या गेल्या म्हंजी कुठंतरी गेल्याच की."

"नाही गेल्या आक्का. तुम्ही म्हणाला होता ना, खोकं हलकं लागतंय?"

"म्हणलो हुतो व्हय?" तानाक्कानं कपाळाला आठ्या घातल्या. "ते माजं मीच केल्यालं झाकायला म्हणलो आसंन."

संयोगिता बाहेर गेली आणि खोकं उचलून आत आणलं. चिकटपट्टी अंगठ्यानं चाचपून बघायला लावली. मग तानाक्काच्याच हातात विळा दिला. "तुम्ही फोडा. तुम्ही काढा."

तानाक्कानं खोकं फोडलं. तिचे हात सवयीनं चालायला लागले. सारवलेल्या जमिनीवर एक एक बाटली, सहाची वळ, मग दुसरी, तोंडं एका रेषेत. केरबा दारात येऊन उभा राहिला. सहा वळी झाल्या. सातवीत चार. तानाक्कानं खोक्यात वाकून बघितलं, मग खोक्याखाली, मग स्वतःच्या मांडीखाली चाचपलं.

"बघा," संयोगिता म्हणाली. "पॅक होतं. तुम्हीच फोडलं. चाळीसच आहेत."

तानाक्का त्या सातव्या वळीकडं बघत होती. मोकळ्या राहिलेल्या जागेवर तिनं तळवा ठेवला.

"मग ह्यातल्या आठ कुठं गेल्या?"

"आठ नव्हत्याच, आक्का."

"आत्ता तुज्यासमोर फोडलं मी," ती घाबरून म्हणाली. "मी न्हाय घेतल्या. वैनी, तू हुतीस की. तू मोज. तू मोजून सांग."

केरबानं तोंड फिरवलं आणि तो अंगणात गेला.

संयोगिता जमिनीवर मांडी घालून बसली. प्रत्येक बाटलीला बोट लावून ती मोठ्यानं मोजायला लागली. एक, दोन, तीन. समोर तानाक्काचे ओठ बरोबरीनं हलत होते, आवाज न करता, रोज सकाळी दुकानासमोरून जाताना हलायचे तसे. अठ्ठावीस, एकोणतीस. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. एकोणचाळीस. चाळीस.

"चाळीस," संयोगिता परत म्हणाली आणि थांबली.

तानाक्काचे ओठ थांबले नाहीत. मोकळ्या जमिनीवर तिचं बोट पुढं सरकत राहिलं, एक जागा, दुसरी जागा, आठव्यापर्यंत. संयोगिता ते बोट थांबेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिली, आणि मग तिनं पहिल्या बाटलीपासून परत मोजायला सुरुवात केली.